डावीकडे बसणारे मिस्त्री

गाडी बंद पडली की येणारा माणूस आधी बॉनेट उघडतो, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आमचे मिस्त्री बॉनेटकडे बघतसुद्धा नसत. ते डावीकडचं दार उघडत, सीटला ग्रीस लागू नये म्हणून बुडाखाली वर्तमानपत्र पसरत, ऐसपैस बसत, दार लावून घेत आणि म्हणत, "हां. आता रोज करता तशी चालू करा. मी इथं नाय असं समजा."

ते तिथे नाहीत असं समजणं फार अवघड होतं. माणूस चांगला आडवा, खाकी शर्टाला पेट्रोलचा वास आणि तोंडात सुपारीचं खांड. शिवाय ते आपल्या पायांकडे टक लावून बघत. तोंडाकडे नाही, हातांकडे जरासं, बाकी सगळं लक्ष पायांकडे. कुणी असं बघत बसलं की आपलेच पाय आपल्याला परके वाटायला लागतात. त्यांच्यासमोर पहिल्यांदा गाडी चालू करायला गेलो तेव्हा क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, इथपासून माझी सुरुवात झाली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशकात पंचवटीतून दिंडोरी रोडला लागलं की उजव्या हाताला त्यांची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर. बोर्ड नव्हता. असता तर त्यावर काय लिहायचं हा प्रश्नच होता, कारण मिस्त्री ब्रेकला हात लावत नसत, गियरबॉक्सला लावत नसत, डेंटिंग-पेंटिंगचं तर नावच नको. गाडी चालू होत नसेल तरच यायचं. "चालू झाली का माझं खातं संपलं," असं ते म्हणत. मी सरकारी नोकर असल्यामुळे मला हे खातेवाटप लगेच समजलं आणि आवडलं.

माझी गाडी सासऱ्यांनी वापरून दमवलेली होती. तिचा आजार असा की सकाळी घरून निघताना पहिल्या सेल्फला चालू, ऑफिसमधून निघतानाही चालू, पण संध्याकाळी भाजी घेऊन पुढे डेअरीवर दुधासाठी थांबलो की बंद. मग नुसतं घर्र घर्र. दुधाची पिशवी हातात घेऊन मी उभा आणि डेअरीवरची सगळी गिऱ्हाइकं मला सल्ला द्यायला मोकळी. दोन गॅरेजवाल्यांनी दोन वेगवेगळे भाग बदलून झाले होते.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आज भाजी घ्यायची हाय का?"

मी म्हटलं, "हो, मेथी सांगितली आहे."

"चला मग."

ते माझ्याबरोबर भाजीबाजारात आले. मी मेथी, कोथिंबीर आणि गाजरं घेतली, गाडीत बसलो आणि निघालो. वाटेत ते पिशवीतलं एक गाजर शर्टाला पुसून खात होते. डेअरीवर मी दूध घेऊन आलो आणि गाडी नेहमीप्रमाणे चालू झाली नाही. तेव्हा मिस्त्रींनी डॅशबोर्डखालच्या बटणाला अडकवलेली माझी भाजीची पिशवी हळूच काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. ते बटण म्हणजे चोक. थंड इंजिन चालू करताना जास्त पेट्रोल सोडण्यासाठी तो ओढायचा असतो. पिशवीच्या वजनाने तो वाटभर ओढला जात होता आणि तापलेलं इंजिन पेट्रोल पिऊन तर्र होत होतं.

"मेथी पाणी मारून ठेवत्यात, जड असती," मिस्त्री म्हणाले. "नुसती कोथिंबीर घेतली असती ना साहेब, तर घरापतोर गेला असता."

हे ऐकून तुम्हाला मिस्त्री फार मोठे तज्ज्ञ वाटले असतील तर तसं काही समजू नका. ते बऱ्याचदा चुकत, आणि चुकताना त्यांचा आवाज जास्तच चढलेला असे. आमच्या कॉलनीतल्या एका प्राध्यापकांची गाडी त्यांनी एकदा सकाळभर खोलून ठेवली होती. प्लग काढले, कार्बोरेटर काढला, वायरी सोडल्या, आणि सगळं वर्तमानपत्रावर मांडून ते प्राध्यापकांना तुमच्या गाडीचं काही खरं नाही असं समजावून सांगत होते. तेवढ्यात मिस्त्रींची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या. कपबशी प्राध्यापकांच्या हातात देता देता त्यांनी सहज विचारलं, "पेट्रोल हाय ना हिच्यात?"

पेट्रोल नव्हतं. मिस्त्री जरासुद्धा गडबडले नाहीत. "तेच बघणार होतो, शेवटी," असं म्हणून त्यांनी एक एक प्लग परत बसवायला घेतला.

तरीही "माझ्या दारातून चालू न होता गेलेली गाडी दाखवा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आम्हाला दोन-तीन सहज दाखवता आल्या असत्या. पण त्यांच्या शेडमधला चहा चांगला असायचा, म्हणून आम्ही दाखवत नव्हतो.

निदानाची त्यांची रीत म्हणजे आधी घरची चौकशी. एक वकील होते, त्यांची गाडी आठवड्यातून एकदा तरी रुसायची. मिस्त्री शेजारी बसले, पाय बघितले आणि विचारलं, "घरात भांडण झालंय का?" वकील भडकले. यात घरचा काय संबंध, असं त्यांनी कोर्टातल्या आवाजात विचारलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तुम्ही अ‍ॅक्सिलेटर दाबत नाय, त्याला लाथा घालताय. पेट्रोल वर आलंय. आता उतरा आणि चहा प्या." इंजिनात जास्त झालेलं पेट्रोल उडून जायला थोडा वेळ द्यावा लागतो, एवढाच त्या चहाचा अर्थ होता. पण वकिलांना चहा पिता पिता घरची हकीकत सांगावीशी वाटली, आणि मग गाडी धडधाकट असतानाही ते तिकडे यायला लागले.

दसऱ्याला मात्र मिस्त्रींना जेवायला फुरसत नसे. आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुतात. वर्षभर बाहेरून धुतात, पण दसऱ्याला भक्ती जास्त असते, म्हणून बॉनेट उघडून आतूनही पाइपने धुतात. मग पूजा होते, नारळ फुटतो, झेंडूचा हार चढतो, सगळे नवे कपडे घालून सोनं वाटायला गाडीत बसतात आणि गाडी हलत नाही, कारण डेल्कोत, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डबीत, पाणी गेलेलं असतं. संध्याकाळी मिस्त्री झेंडूच्या हारातल्या गाड्यांमधून हातात सुकं फडकं घेऊन फिरत असत. एका घरातल्या आजींनी तर बॅटरीची मनोभावे पूजा करून तिच्या दोन्ही टोकांना हळदकुंकवाचा लेप दिला होता आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. मिस्त्रींनी ते सगळं खरवडताना आजींची समजूत घातली, "देवी बॅटरीत बसत नाय आजी. तिला बॉनेटवर बसवा, तिथं हवा लागती."

आता मूळ गोष्टीकडे येतो. मिस्त्रींना गाडी चालवता येत नव्हती.

हे आम्हाला कितीतरी वर्षं कळलं नाही. गाडी चालू झाली की ते उतरून बाजूला होत आणि म्हणत, "घ्या तुम्हीच बाहेर, माझे हात ग्रीसचे हायत." आम्हाला ती अदब वाटायची. एकदा माझी गाडी भर रस्त्यात, त्यांच्या शेडसमोरच बंद पडली. मी चावी मिस्त्रींकडे देऊन समोर टपरीवर गेलो. थोड्या वेळाने बघतो तर गाडीचं इंजिन मस्त चालू आहे, दार उघडं आहे, मागे एसटी अडकून हॉर्न वाजवते आहे आणि मिस्त्री रस्ता ओलांडून माझ्याकडे येताहेत.

"साहेब, चालू झाली," त्यांनी सांगितलं.

एसटीचा कंडक्टर खाली उतरला होता. तो म्हणाला, "चालू झाली तर घे ना बाजूला."

"गाडी त्यांची हाय," मिस्त्री म्हणाले.

"अरे पण बसला होतास ना तू आत?"

"चालू करायला बसलो व्हतो."

मी पळत जाऊन गाडी हलवली. परत आलो तेव्हा मिस्त्री फडक्याने हात पुसत होते. मग त्यांनीच सांगितलं. तरुणपणी नांदगावला एका गॅरेजात असताना मालकाने त्यांना एकदा गाडी बाजारातून आणायला सांगितली होती. बाजाराचा दिवस होता. ते बसले, गियर टाकला आणि गाडी सरळ कांद्याच्या ढिगात घुसली. ढिगाजवळ कांदे निवडत बसलेली एक बाई जरा आधी पाणी प्यायला उठून गेली होती, म्हणून वाचली. "तिची बसायची गोणी व्हती ना साहेब, ती चाकाखाली गेली. मी तेवढी गोणीच बघत राह्यलो." त्यानंतर त्यांनी गियरला हात लावला नाही. "न्यूट्रलमधी गाडी आपली असती. गियर टाकला का ती रस्त्याची झाली," असं म्हणून ते शेडमध्ये गेले. मी हे कुणाला सांगितलं नाही, पण कंडक्टरने सांगितलं असावं, कारण महिन्याभरात सगळ्यांना ठाऊक झालं.

अशा माणसाने गाडी घ्यावी का? मिस्त्रींनी घेतली. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराने भंगारात काढलेली मळक्या पिवळ्या रंगाची गाडी त्यांनी आणली, म्हणजे ढकलत आणवली, आणि सहा महिने तिच्यामागे लागून ती जिवंत केली. ज्या दिवशी तिचं इंजिन पहिल्यांदा लागलं, त्या दिवशी आनंदाच्या भरात ते सगळ्यांसमोर वहिनींना म्हणाले, "ह्याच गाडीनं तुला गडावर नेतो बघ. तुझ्या माहेरच्या देवीला."

इंजिनाच्या आवाजातसुद्धा ते सगळ्यांना ऐकू गेलं. वहिनींनाही गेलं.

वहिनींचं माहेर वणीच्या गडाच्या पायथ्याशी. लहानपणी त्या गड पायी चढलेल्या, लग्नानंतर एसटीने. शेड वणीच्या रस्त्यावरच असल्यामुळे गडावर जाणाऱ्या निम्म्या गाड्या त्यांच्या दारावरून जात, काही त्यांच्याच नवऱ्याने चालू करून दिलेल्या असत. आणि माहेरची माणसं विचारत, नवरा गाड्यांचा मिस्त्री ना गं तुझा, मग तू कशी एसटीत उभी राहून येतेस? हे त्यांनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं, हसत हसतच, पण सांगितलं होतं.

पुढची दोन-तीन वर्षं मिस्त्रींनी कारणं काढण्यात घालवली. नवरात्र आलं की ते म्हणत, "नवरात्रात खासगी गाड्या गडावर सोडत नायत." ते खरंच होतं. नवरात्र संपलं की म्हणत, "नवरात्र सरल्यावर जायचं कशाला?" रोज सकाळी अंघोळ करून ते ती पिवळी गाडी चालू करत. पहिल्याच सेल्फला लागे. मग थोडा वेळ ती जागेवरच चालू राही आणि वहिनी दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत. मी एकदा म्हटलं, "वहिनी, मी चालवतो की. पुढच्या मंगळवारी जाऊ."

वहिनी म्हणाल्या, "नको भाऊ. तुम्ही नेलं तर तुमच्यासंगं गेल्यासारखं व्हईल. नेतो म्हणून बोललेत ते हे, तुम्ही नाय."

नवऱ्याला गाडी येत नाही हे त्या कधी चारचौघांत बोलल्या नाहीत. मिस्त्री मात्र दिवसेंदिवस चिडचिडे होत चालले होते. गिऱ्हाइकांना उगाच सुनवायचे, दुसऱ्याच्या चोकवर राग काढायचे. एक शब्द बोलून बसलेला माणूस कसा अडकतो ते आम्ही बघत होतो आणि मला तरी त्यांची दया यायला लागली होती.

अशातच एका सकाळी मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी शेडच्या थोडी पुढे, वळणावर बंद पडली. त्यांचा शिकवणारा मास्तर धावत आला. माझी गाडी त्या दिवशी तिथेच असल्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. मिस्त्री गेले, डावीकडचं दार उघडलं, वर्तमानपत्र पसरलं, बसले आणि सवयीने खाली बघत म्हणाले, "हां, करा चालू. मी इथं नाय असं समजा."

चालवणाऱ्या बाईने चेहऱ्यावर ओढणी गुंडाळली होती. नाशकात मुली स्कूटरवर गुंडाळतात तशी, आणि नेसलेल्या लुगड्यावर ती फारच विचित्र दिसत होती. पण मिस्त्री चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते पायांकडे बघत होते. क्लचवरच्या पायात, त्यांनीच मला नंतर सांगितलं, जोडवी होती आणि अंगठ्याजवळ, शेडमधला पत्रा पडून झालेल्या जखमेचा जुना व्रण होता.

मी त्यांच्या मागोमाग गेलो होतो, पण मला त्या गाडीच्या मागच्या काचेतून त्यांची मान तेवढी दिसत होती. ती बराच वेळ खालीच होती. मग ते म्हणाले, "क्लच पुरा दाब. अर्धा नको."

त्या पायाने क्लच पुरा दाबला. गाडी चालू झाली. मास्तर हायसं वाटून दाराकडे निघाला, पण मिस्त्री उतरायच्या आधीच पहिला गियर पडला आणि गाडी त्यांना घेऊन दिंडोरीच्या दिशेने निघाली. मास्तर काही अंतर पाठीमागे धावला आणि मग माझ्याकडे येऊन विचारायला लागला, "हे मिस्त्री कोण लागतात त्यांचे?" मी त्याला टपरीवर नेलं. गाडी परत आली तेव्हा वहिनींच्या तोंडावरची ओढणी सुटली होती आणि मिस्त्रींनी डॅशबोर्डवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं होतं. खाली उतरल्यावर त्यांनी मास्तरला एवढंच सांगितलं, "दुसरा गियर लवकर टाकायला शिकवा तिला."

पुढचं सांगायच्या आधी वाईट बातमी सांगून टाकतो, म्हणजे ती शेवटी सांगावी लागणार नाही. दोन हजार सालानंतर गाड्या बदलल्या. चोक गेला, डेल्को गेला, चावी फिरवली की गाडी निमूट चालू व्हायला लागली आणि नाही झाली तर कंपनीची माणसं येऊन तिला उचलून नेऊ लागली. मिस्त्री माझ्या नव्या गाडीत एकदा डावीकडे बसले, पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "हिच्यात बघण्यासारखं काय ठेवलंच नाय." त्यानंतर काही वर्षांनी ते थोड्याशा आजाराने गेले. शेडच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वहिनी मुलीकडे राहतात. त्या रस्त्याने जाताना मला अजूनही वाईट वाटतं, आणि बायको सोबत असली तर आम्ही दोघंही त्या बाजूला बघायचं टाळतो.

पण हे सगळं नंतरचं. वहिनींचं लायसन्स झालं तो हिवाळा होता आणि एका मंगळवारी आम्ही त्या पिवळ्या गाडीतून गडावर निघालो. वहिनी चालवायला, मिस्त्री त्यांच्या डावीकडे, मी आणि बायको मागे. "तुम्ही फक्त बसायचं," अशी वहिनींची अट होती. दिंडोरी गेलं, वणी गेली, नांदुरीलाही ठीक होतो. मिस्त्री वाटभर "क्लच, क्लच" असा जप करत होते.

घाटात वरच्या एका चढाच्या वळणावर पुढची एसटी थांबली, म्हणून वहिनींनी गाडी थांबवली. इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकायला लागली. वहिनींनी हँडब्रेक ओढला. तो नावालाच होता, कारण ब्रेक हे मिस्त्रींचं खातं नव्हतं. मिस्त्री दार उघडून बाहेर पडले, कडेचा एक भलामोठा दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. गाडी थांबली. त्यांनी खिडकीतून सांगितलं तशी वहिनींनी ती चालू केली, गियर टाकला आणि गाडी हलली. मिस्त्री आत बसलेच नाहीत. त्यांनी तो दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि गाडीच्या मागे चालायला लागले.

वहिनी ओरडल्या, "अहो, बसा ना आत."

"तू चल. थांबू नको. मी हाय मागं."

पहिल्या गियरमध्ये गाडी माणसाच्या चालीने चढत होती. मी मागच्या काचेतून बघत होतो. घाटात पायी चढणारे भाविक होते. पोटाशी दगड धरून, घामाघूम होऊन गड चढणारा माणूस त्यांना दिसला आणि त्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. एका म्हाताऱ्या बाईने वाकून मिस्त्रींच्या पायाला हात लावला. दुसरीने विचारलं, "कशाचा नवस बाबा?" मिस्त्रींना धाप लागली होती. त्यांनी हनुवटीने पुढच्या गाडीकडे दाखवलं. बाई म्हणाली, "गाडी झाली व्हय, बरं झालं," आणि तिने दगडाला कुंकू लावलं, मग मिस्त्रींच्या कपाळाला लावलं. मग आणखी एकीने लावलं. कुणीतरी त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. देवीचा जयजयकार झाला. माझी बायको तोंडात पदर कोंबून हसत होती, पुढच्या वळणावर बघितलं तर ती हसायची थांबली होती आणि तोच पदर डोळ्यांना लावत होती.

गाडी आणखी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा दगड चाकामागे होता.

वर पोचल्यावर वहिनींनी गाडी एका कडेला लावली आणि बंद केली. मिस्त्रींनी दगड चाकाला नीट टेकवला आणि मगच कंबर सरळ केली. समोर ओटी-नारळाचं दुकान होतं. दुकानातली बाई वहिनींच्या गावची, लहानपणापासून ओळखणारी. तिने हाक मारली, "आज लवकर आलीस गं. कोणती एसटी गावली?"

वहिनी तिच्याकडे गेल्या. चावी त्यांच्या मुठीत होती, ती त्यांनी पदराआड घेतली.

"एसटी नाय मावशी," त्या म्हणाल्या. "ह्यांनी आणलं, गाडीनं."

मावशीने गाडीकडे बघितलं, माळ घातलेल्या मिस्त्रींकडे बघितलं आणि म्हणाली, "दमले व्हय जावई?"

 मिस्त्रींनी बाहीने तोंड पुसलं आणि सगळं कुंकू तोंडभर झालं.